नहर कोरडी आहे

पाणीपुरवठा खात्यातल्या निवृत्त इंजिनियरांना ही सहल नकोच होती. पण बायको ऐकते कसली! "अहो, जन्मभर नळांमागे धावलात, एकदा चारशे वर्षांची नहर तरी बघा," म्हणून तिने तिकिटंच काढली. ते ही नहर तेहेतीस वर्षांपूर्वी बघून गेले होते, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि तेव्हा तरी धड कुठे बघितली होती!

मशिदीपुढचा हौद ठणठणीत कोरडा होता. गाइडबाई सांगत होती, "डोंगरातलं पाणी जमिनीखालून, पंपाशिवाय इथवर यायचं. दर वर्षी माझे वडील वरचं तोंड मातीने बुजवून तीन दिवस आतला गाळ काढायचे. शेवटच्या सफाईनंतर महिन्याभरात पाणी बंद झालं. का, ते कुणालाच कळलं नाही."

कळलं नाही कसं? इंजिनियरांना चांगलं कळलं होतं! त्या सफाईच्या दुसऱ्या दिवशी ते ऐटीत पाहणीला आले होते. आतून नहरवाला ओरडला होता, "साहेब, परवा या, पाणी सोडतो!" पण परवा पुन्हा खेटा कोण घालतो? साहेबांनी उभ्या उभ्या लिहून टाकलं: नहर कोरडी आहे. हौद पुन्हा भरल्याचं कानावर आलं, तेव्हा आठवड्यातच चूक ध्यानात आली. त्याच कागदाच्या भरवशावर गावाबाहेर नव्या रस्त्याखाली नहरीत काँक्रीट ओतायचं होतं, त्याला तेव्हा अजून पंधरा दिवस होते. पण कागद मागे घ्यायचा तर ऑफिसात हसं होणार, म्हणून हा गृहस्थ मूग गिळून बसला.

दाराजवळच्या बाकावर गाइडबाईचे वडील हौदाकडे पाठ करून बसले होते. बायकोने कौतुकाने विचारलं, "बाबा, नहर तुम्हीच सांभाळायचात ना?"

"मीच तो कपाळकरंटा," म्हातारा म्हणाला. "त्या साली माझी कुदळ छताला लागली, दोन दगड निखळले. आतून सगळंच ढासळलं असणार. माझ्या हाताने नहर मेली."

"पुरे हो बाबा," मुलगी पुटपुटली. "तेव्हापासून हौदाकडे बघतसुद्धा नाहीत."

बायको बाही ओढत होती, "चला, बस सुटेल." सुटका अशी समोर उभी होती. इंजिनियरांना स्वतःची शिसारी आली. ते बाकावर टेकले.

"बाबा, तुमच्या कुदळीने काही झालं नाही. परवा या म्हणालात, तो साहेब मी. मी आलो नाही." मग अहवाल, काँक्रीट, ते पंधरा दिवस, सगळं सांगून टाकलं. बायकोच्या हातातली बाही कधी सुटली, कळलंही नाही.

आता म्हातारा शिव्या घालेल, निदान एक थोबाडीत तरी देईल, असं त्यांना वाटलं. द्यावी, असंही वाटलं.

"म्हणजे रस्त्याच्या पलीकडे पाणी आहे अजून?" म्हाताऱ्याने विचारलं.

"असेल."

म्हातारा उठला. "पोरी, मला हौदापाशी ने."

दोघं गेली. इंजिनियर बाकावरच राहिले, हौदाकडे पाठ करून.