गव्हाचं पोतं आणि माझं ॲव्हरेज

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण मला विकायला बसलेला चिराग ते शेवटपर्यंत सांगत नसे. ‘कम चली हुई है जी,’ एवढंच तो म्हणे आणि खिशातल्या रुमालानं माझा आरसा पुसे.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझा पत्रा चंदेरी होता आणि सीटांवर प्लास्टिक होतं. ते प्लास्टिक भय्यासाहेबांनी वर्षभर काढू दिलं नाही. भय्यासाहेब घमापूर मोहल्ल्यातले निवृत्त हेडमास्तर. स्वभावानं शिस्तीचे आणि हातानं पक्के चिकट! रविवारी सकाळी माझ्या चाकांत हवा भरून आणल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. सिग्नलला थांबले की इंजिन बंद. मागच्यानं हॉर्न वाजवला तर खिडकीतून हात काढून म्हणत, ‘उड़ के चले जाओ भैया!’ मला त्यांनी कधी दामटलं नाही, कधी उपाशीही ठेवलं नाही. पेट्रोल पंपावर कुणी माझं ॲव्हरेज विचारलं की त्यांची छाती फुगायची. इतकं कौतुक माझ्या रंगाचंही कुणी केलं नव्हतं.

मग ते गेले. मुलगा बंगळुरूहून आला, तेरावं झालं आणि त्यानं मला अधारतालला जुन्या गाड्या विकणाऱ्या चिरागला विकलं. किल्ली देताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. विमानात गाडी नेता येत नाही, हे मलाही कळतं.

चिरागच्या जागेत एक कडुनिंब आहे. त्याखाली मी पावसाळा काढला. वरून पानं पडली, पाखरांनी करायचं ते केलं, आणि मागच्या चाकातली हवा बसली. गिऱ्हाईकं येत, दार आपटून बघत आणि शेजारच्या माझ्याहून नव्या गाडीकडे वळत. एक दिवस चिराग फोनवर म्हणाला, ‘दशहरे तक निकल गई तो ठीक, नहीं तो कटवा देंगे.’ कटवणं म्हणजे भंगारवाल्याकडे पाठवून पत्रा, काच, इंजिन वेगवेगळं करणं. मी ऐकून घेतलं. गाडीला दुसरं काय करता येतं?

दसऱ्याला आठवडा उरला असताना कुमुदताई आल्या. सोबत त्यांचे यजमान विष्णूभाऊ. कुमुदताई शाळेत शिकवतात. त्यांची बदली शहराबाहेर, पाटण गावाच्या पलीकडे झाली होती. पाठीच्या दुखण्यानं स्कूटर सुटलेली, बस फाट्यावर सोडणार, पुढं पायपीट, आणि शाळेत रोज उशीर. तिथले हेडमास्तर रोज घड्याळाकडे बघत.

विष्णूभाऊ माझ्याभोवती फिरता फिरता म्हणाले, ‘पेट्रोललाच पगार चालला जाईन तर नोकरी काहून करायची? ॲव्हरेज चांगलं निघालं तर घेऊ. नाहीतर सोडून दे न बाप्पा, घरी राहा.’

कुमुदताईंनी माझ्या दारावरची पाखराची घाण रुमालानं पुसली. म्हणजे माझ्या ॲव्हरेजवर दोघींचं ठरणार होतं: त्यांची नोकरी आणि माझा पत्रा.

परीक्षा साधी होती. टाकी काठोकाठ भरायची, फिरून यायचं, पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावलं, तेवढं मी प्यायले. विष्णूभाऊंनी टाकी भरली आणि मला घरी नेलं. तिथं त्यांच्या आई, राधाबाई, नवी साडी नेसून तयार! शेजारी त्यांची बहीण सत्यवतीमावशी, डबा घेऊन.

‘गाडी निघूनच राहिली तर भेडाघाटही होऊन जाईन,’ राधाबाई म्हणाल्या. ‘आणि विष्णू, गव्हाचं पोतं टाक न डिक्कीत. कांचघरच्या चक्कीवर दळायला देऊन देऊ.’

‘आई, आज फक्त ॲव्हरेज पाहायचं आहे,’ कुमुदताई म्हणाल्या.

‘पाहा न! आम्ही काय गाडी धरून ठेवून राहिलो?’

पोतं डिक्कीत बसलं आणि माझी पाठ खाली गेली. मावशींना उकडलं म्हणून एसी लागला. विष्णूभाऊंचा पाय तर क्लचवरून हलेचना. पुढं चक्की बंद निघाली, म्हणून ते पोतं भेडाघाट बघून, धुवांधार धबधब्याचे तुषार खाऊन घरी परत आलं. पंपावर आकडा निघाला तेव्हा विष्णूभाऊंचं तोंड उतरलं. लिटरला बारासुद्धा नाही.

‘झालं,’ ते म्हणाले. ‘पाहिलंस?’

आता कुमुदताईंचा आवाज चढला. ‘अहो, मी शाळेत पोतं घेऊन जाते का? मावशींना घेऊन जाते का? लायसन्स आहे माझ्याकडे. लग्नानंतर एकदा तरी चाक हातात दिलं कुणी? उद्या रविवार आहे. माझ्या रस्त्यानं मी एकटी जाऊन येते.’

मला परत नेल्यावर हे ऐकून चिराग कुरकुरला. शेवटी म्हणाला, ‘ठीक है दीदी, भाईसाहब यहीं बैठेंगे.’ असे रविवारी विष्णूभाऊ माझ्या बदल्यात कडुनिंबाखाली खुर्चीवर बसले.

निघण्याआधी कुमुदताईंनी चाकांत हवा भरून घेतली. मला भय्यासाहेब आठवले. पहिल्या वळणावर कुमुदताईंनी चाक घट्ट आवळून धरलं होतं, पाटण आलं तेव्हा पकड सैल झाली होती. खड्डा दिसला की त्या आधीच पाय उचलत. शाळेच्या बंद फाटकाशी त्यांनी मला थांबवलं, घड्याळ बघितलं आणि चाकावर डोकं टेकून रडल्या. ‘प्रार्थनेच्या आधी आलो आपण,’ त्या म्हणाल्या. तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे माझ्याशीच बोलल्या.

परतल्यावर पंपावर विष्णूभाऊ स्वतः वाकून बघायला उभे. पेट्रोल लवकरच काठाशी आलं. ‘भैया, नोजल ठीक से डालो,’ ते म्हणाले. पुन्हा घातलं, थेंब बाहेर सांडला. हिशेब झाला: लिटरला वीसच्या आसपास. भय्यासाहेबांच्या काळी यापेक्षा जास्त होतं, पण आता वय झालं, आणि मी खोटं बोलणार नाही.

‘बोला आता,’ कुमुदताई म्हणाल्या. ‘नोकरी सोडू?’

विष्णूभाऊ शर्टाची बाही नीट करत म्हणाले, ‘लिंबं घेऊन येतो.’

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला दुसऱ्यांदा नवी म्हटलं गेलं. लिंबं फुटली आणि मी निघाले. कडुनिंबाखालच्या माझ्या जागी चिरागनं दुसरी गाडी उभी केली.

मित्रांनो, जुनी वस्तू पारखायला जाल तेव्हा तिच्यावर घरभराचं ओझं लादून तिला नापास करू नका. तिला कोण वापरणार, कुठे नेणार, तेही बघा. आणि घरी आणल्यावर चाकात हवा ठेवा, वेळेवर ऑइल बदला. आमची मागणी यापेक्षा मोठी नसते.

आता मी रोज शाळेच्या आवारात उभी असते. मुलं माझ्या काचेवरच्या धुळीत बोटानं नावं लिहितात. परवा एकानं खिळा उचलला, तेव्हा कुमुदताईंनी त्याचा हात हळूच धरला. म्हणाल्या, ‘बोटानं लिही रे. ही आहे म्हणून मी तुम्हाला शिकवायला येऊ शकते.’

त्यानं खिळा टाकला आणि बोटानं माझ्या काचेवर त्यांचं नाव लिहिलं.