घराला ऐकू जाऊ नये म्हणून

मागच्या खेपेला जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या आमच्या संस्थेने भाडेकरूंची विचारपूस करायला नेपल्समधल्या माझ्याच गल्लीत मिलानचा एक गोरागोमटा पोरगा पाठवला. तो दारोदार फिरला, प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायला आणि ‘घर राहायला कसं आहे?’ असं विचारून गुण लिहून घेऊन आला. झाडून सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले होते. छप्पर गळतंय, भिंतींना बुरशी चढलीय, आणि मंडळी सांगतायत की घर म्हणजे स्वर्ग. दुरुस्तीचे पैसे साहजिकच दुसऱ्या इमारतीला गेले.

मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, घरात बसून घराची निंदा कोण करेल? भिंतींना कान असतात हे जग नुसतं म्हणतं. आमच्याकडे त्या कानांना मालकीण आहे. बेल्ला म्ब्रियाना तिचं नाव. ती घरोघरी असते, घर राखते, दिसत नाही, पण सगळं ऐकते. तिच्यादेखत घराला नावं ठेवली की ती रुसते, आणि तिचं रुसणं घरातल्या कुणाच्या तरी जिवावर बेततं. माझी आई नळाला पाणी नसल्याची तक्रारसुद्धा रस्त्यावर येऊन करायची. मिलानच्या पोराला हे कोण सांगणार, आणि साहेबांना तरी कुठलं सुचायला?

या खेपेला मी स्वतःच गेले. रायमोंदो न्हाव्याच्या दुकानासमोर, भर रस्त्यात टेबल टाकलं आणि वर तोंड करून एवढंच ओरडले, “ऊन छान पडलंय, जरा खाली या.”

सगळ्यांना बरोबर कळलं. पहिला आला कातेल्लो, मासेवाला.

“काय रे, मागे तर पाच दिले होतेस?” मी म्हटलं.

“ते वर दिले होते, ताई. आता इथं लिही, शून्य. शून्याच्या खाली काही मिळतं का?”

दुपारपर्यंत टेबलाभोवती जत्रा भरली. लोक नुसते मोकळे झाले. राहिलं ते एकच घर, चौथ्या मजल्यावरचं, आणि नेमकं तेच महत्त्वाचं. गळकं छप्पर त्यांच्याच डोक्यावर होतं. वरच्या मजल्याचं उत्तर नसेल तर छपराचा विचारच होणार नव्हता, आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तिथे डोन्ना एर्मेलिंदा आणि तिचा नवरा डॉन साबातिनो राहायचे; मान द्यायला आमच्याकडे नावाआधी डोन्ना, डॉन लावतात. त्याची छाती भात्यासारखी वाजायची. खोली एकच, पलंग ओल्या भिंतीलाच टेकलेला. आणखी एक हिवाळा ही भिंत त्याला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. भाडेकरार मात्र तिच्या नावावर होता, तेव्हा बोलायचं तिनेच. आणि गुडघा मोडल्यापासून तिने जिना उतरलेला नव्हता.

मी वर गेले. खोलीच्या मधोमध बादली होती आणि तीत टप टप चाललं होतं.

“ही बादली?” मी हळूच विचारलं.

“झाडांना लागतं ना पाणी,” ती म्हणाली. घरात औषधालाही झाड नव्हतं. “पाच लिही, पोरी. असं घर दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही.” आणि छताकडे बघून गोड हसली.

“बाल्कनीत बसून बोलू या का?”

“बाल्कनी काय शेजाऱ्यांची आहे?”

“मग जिन्यात?”

“जिन्यात तर ती दुपारची वाऱ्याला बसते.” मग माझा कान ओढून कुजबुजली, “मिरेल्ला, अगं, माझं काही नाही. पण ती रुसली तर आधी कुणावर हात टाकेल? त्याच्यावरच ना?”

पलंगावरून डॉन साबातिनो खोकत म्हणाला, “माझा नाही हो विश्वास असल्या गोष्टींवर.” थोडा श्वास घेतला. “पण उगाच कशाला?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी खाली जाऊन कातेल्लो आणि रायमोंदोला घेऊन आले. त्यांनी तिला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं.

“जरा उन्हात बसून येते गं,” ती भिंतींना सांगत होती. “दुसरं काही नाही.” सगळा जिनाभर ती दोघांच्या खांद्यांना धरून घराचं कौतुक करत होती. पायऱ्या किती ऐसपैस, कठडा किती भक्कम. तो भक्कम कठडा रायमोंदोच्या हाताला लागून हलत होता.

“काकू, कौतुक जरा कमी करा, वजन वाढतंय,” कातेल्लो म्हणाला.

खाली आल्यावर तिने आधी कॉफी मागवली, गल्लीतल्या सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली, मग खुर्ची गल्लीच्या पलीकडच्या बाजूला न्यायला लावली. तिच्या इमारतीच्या खिडक्या उघड्या होत्या ना. मग म्हणाली, “हं, विचार आता.”

मी विचारलं, “रात्री झोप नीट लागते का?”

तिने कप खाली ठेवला.

“मी झोपते कुठे?” ती म्हणाली. “त्याची उशी भिंतीकडे सरकते. मग मी मधे हात घालून ठेवते, ओल त्याच्या डोक्याला लागू नये म्हणून. हात गार पडला की कूस बदलते आणि दुसरा घालते. संध्याकाळी चादर इस्त्रीने वाळवते, त्याला म्हणते, सुरकुत्या पडल्यात. आणि त्याचा श्वास ऐकत राहते. थांबला की मीही थांबते.”

कातेल्लो पाठ फिरवून उभा राहिला. त्या क्षणी ती मला इतकी आवडली की उठून मिठी मारावीशी वाटली.

तेवढ्यात समोर तिच्याच चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली हळूहळू खाली आली. रोज तीतून पाव, लिंबं वर जायची. आज तीत तिची शाल होती. ती बसली होती तिथे सावली आली होती. वर खिडकीत डॉन साबातिनो उभा होता. आमची गल्ली केवढीशी, शिंकलं तर समोरचा ‘जपा’ म्हणतो.

“शेवटचं,” मी म्हटलं. “दुसरं घर मिळालं तर जाल?”

“छे,” ती शाल ओढून घेत म्हणाली. “तिला एकटीला टाकून? छप्पर तेवढं नीट करा म्हणावं.”

मी शून्य लिहिलं.

तिला वर नेलं तेव्हा दिवेलागण झाली होती. उंबऱ्यावर तिने खुर्ची थांबवायला लावली, केस सारखे केले आणि खोलीच्या भिंतींना वाकून म्हणाली, “आले हो बाई. खाली लोक कुठल्याशा दुसऱ्याच घराबद्दल बोलत होते. मी नाही काही ऐकलं.”

“मीही नाही,” खिडकीपाशी उभा डॉन साबातिनो म्हणाला. मग आम्ही तिला पलंगावर बसवलं, तेव्हा तिचे दोन्ही गार हात त्याने आपल्या हातांत घेतले आणि चोळत राहिला.