तिसऱ्या रांगेतली डावी खिडकी

थोरलीला गाडी लागायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण घराबाहेर ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ठाऊक झाली असती तर गावभर हसू झालं असतं. लग्न होऊन सासरी येताना दुसऱ्याच चौकात तिने नवऱ्याच्या नव्याकोऱ्या कोटाचं जे काही केलं, त्यानंतर त्या भल्या माणसाने तिला पुन्हा गाडीत बसायचा आग्रह म्हणून केला नाही. आणि हीच बाई गेले अकरा उन्हाळे रविवारच्या पुरवणीत ‘उन्हाळी भटकंती’चं पान लिहीत होती! लहान गावं कशी बघावीत, नदीवर किती वाजता जावं, टेकडी चढताना पाणी किती न्यावं, परतीची शेवटची गाडी कुठली. लोक ते पान कापून पिशवीत घालून फिरायला जायचे.

आता तुम्ही विचाराल, न जाता लिहायची कशी? फोनवर. तिच्याकडे एक जाड वही होती. प्रत्येक गावापुढे एक नंबर. कुठे औषधाच्या दुकानाचा, कुठे शाळेच्या कारकुनाचा, कुठे स्टँडसमोरच्या चहावाल्याचा. ती फोन लावायची आणि समोरच्याला असं काही खोदून खोदून विचारायची, की तो माणूस दुकान सोडून बाहेर जाऊन सावली कुठे पडलीय ते बघून यायचा. अकरा वर्षांत एक चूक छापून आली नव्हती. याचा तिला केवढा अभिमान! ती म्हणायची, “पायांनी फिरणारे पुष्कळ असतात, कानांनी फिरणारी मी एकटीच.”

धाकटी जाऊ मात्र पायांनी फिरायची. शिलाई मशीनच्या कंपनीत ती दुरुस्तीचं काम करायची. लहान गावांतल्या शिवणकामाच्या कारखान्यांत मशीन बिघडलं की हिला बोलावणं. खांद्याला पाने-पेचकसांची पिशवी, बोटांना तेल, दंडापर्यंत रापलेले हात, आणि चेहरा असा टवटवीत की जणू बाई सहलीलाच गेली होती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून ती सांगायची, “वहिनी, काय गाव होतं म्हणून सांगू!” आणि मग सांगतच सुटायची. थोरली भाजी चिरता चिरता “हं” म्हणायची. ऐकताना गंमत वाटायची आणि पोटात दुखायचंही. दोन्ही एकाच वेळी.

मागच्या उन्हाळ्यात थोरलीला कावीळ झाली, ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली. वहिनींचं पान चुकायला नको म्हणून धाकटीने एक रविवार लिहून दिला. बिचारीने चांगल्या मनानेच केलं. पण झालं काय, वाचकांची बेचाळीस पत्रं आली! थोरलीला अकरा वर्षांत मिळून तेवढी आली नसतील. संपादक फोनवर म्हणाले, “ताई, तुमच्या जाऊबाई छुप्या रुस्तम निघाल्या हो!” थोरलीने “हो ना” म्हटलं, फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कावीळ उतरली तरी हा पिवळेपणा काही उतरला नाही.

या उन्हाळ्यात एक रविवार थोरलीचा, एक धाकटीचा असं ठरलं. त्यात संपादकांनी बॉम्ब टाकला. पुरवणीची पानं कमी होणार होती. पुढच्या वर्षीपासून भटकंतीचं अर्धंच पान, आणि लिहिणारी एकच. कोण, ते हंगाम संपताना ठरणार.

झालं. थोरलीच्या जिवाला घोर लागला. नवऱ्याला त्याचं वर्कशॉप होतं, धाकटीला तिची मशिनं होती, दिराला त्याची नोकरी होती. तिला काय होतं? एक वही आणि एक पान. ते गेलं तर उरलं काय? भाजी चिरणं.

त्यात धाकटीचं लिहिणं म्हणजे थोरलीच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा. नदी, टेकडी, जुना बाजार हे सगळं असायचंच, पण त्याआधी अर्धा रकाना भलतंच. ‘तिसऱ्या रांगेत डावीकडच्या खिडकीशी बसा, तिथे कमी हलतं आणि ऊनही येत नाही. निघण्याआधी कोरडा पाव खा, दूध नको. तिसऱ्या वळणावर रुंद जागा आहे, ड्रायव्हरला आधी सांगून ठेवलं तर तो थांबतो. उतरल्यावर लगेच हिंडायला लागू नका. स्टँडच्या मागे झाडाखाली बाक आहे, शेजारी नळ आहे, तिथे दहा मिनिटं बसा.’

“हे भटकंतीचं पान आहे का दवाखान्याचा केसपेपर?” थोरली नवऱ्याला म्हणाली. “आणि लोक याच्यावर खूश! डोकी फिरलीत लोकांची.”

“अगं, पण किती बारकाईने लिहिलंय,” नवरा म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा!”

एका रविवारी धाकटीचं असंच एक डोंगरातलं गाव छापून आलं. थोरलीने वही उघडली. त्या गावापुढे स्टँडसमोरच्या चहावाल्याचा नंबर होता, नऊ वर्षांपूर्वीचा. तिने फोन लावला.

“तिथे स्टँडच्या मागे झाडाखाली बाक आहे का हो? आणि नळ?”

“बाक? छे हो बाई. इथे भिंत आहे नुसती. झाड नाही, नळ नाही, काही नाही.”

थोरलीला आनंदाने घाम फुटला. तिने तीनदा विचारून खात्री केली. माणूस बिचारा तीनदा बाहेर जाऊन बघून आला. मग ती बसली आणि ‘एक वाचक’ म्हणून पत्र लिहिलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप केलं. नुसतं बाक नाही एवढं लिहून थांबती तरी चाललं असतं. पण हात कुठे थांबतोय! तिने त्यात एक म्हातारी आई घातली. ती आई या पानाच्या भरवशावर उन्हात गेली, बाक सापडला नाही, नळ सापडला नाही, आणि भिंतीला टेकून चक्कर येऊन पडली. थोरलीची स्वतःची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. पत्र पेटीत टाकताना तिला ते आठवलं, पण पत्र आत पडलं होतं.

चार दिवसांत संपादक स्वतः घरी आले. जाता-येता चहाला येणारा माणूस, पण आज चहाला हात लावला नाही. धाकटीपुढे पत्र ठेवलं.

“तुम्ही गेला होतात ना नक्की?”

“गेले होते म्हणजे? दर महिन्याला जाते. बाक आहे तिथे. मी बसलेय त्याच्यावर.” धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. “त्या आजी कशा आहेत आता?”

थोरलीने कपबशा उचलायला घेतल्या. आजी! त्या आजींचं काय सांगायचं?

संपादक म्हणाले, “ताईंबद्दल अकरा वर्षांत एक तक्रार नाही. तेव्हा ताईंनीच जाऊन बघावं. फोटो काढून आणावा. ताई जे लिहितील ते छापू, आणि पानाचा निकालही त्यावरच लावू.”

कपबशी थोरलीच्या हातातून निसटता निसटता राहिली. तीन तासांचा घाट!

संपादक गेल्यावर धाकटी स्वयंपाकघरात आली. डोळे पुसलेले होते. “वहिनी, तुम्ही जाऊ नका. तुम्हाला किती त्रास होईल. मी संपादकांना सांगते, माझीच चूक झाली म्हणून. पान तुमचंच आहे, तुम्हीच लिहा.”

एखादीचं मन विरघळलं असतं. थोरलीच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता ही मोठ्या मनाचीसुद्धा हीच होणार? प्रवासही हिने करायचा, पत्रंही हिला यायची, आणि त्यागही हिनेच करायचा? “काही नको,” ती म्हणाली. “मी जाणार.”

आणि चौथ्या दिवशी गेली. पर्समध्ये धाकटीच्या लेखाचं कात्रण, सोबत लाल पेन्सिल. हट्टाने मागे बसली, उजवीकडे, उन्हात. सकाळी मुद्दाम भरपूर दूध घातलेली कॉफी प्यायली होती. पहिलं वळण यायच्या आत तिला ब्रह्मांड आठवलं. दुसऱ्या वळणावर ती पर्समध्ये तोंड घालून बसली होती, आणि शेजारचे प्रवासी उठून उभे राहिले होते.

कंडक्टर आला. पिकल्या मिशांचा माणूस. त्याने तिला दंडाला धरून पुढे नेलं, तिसऱ्या रांगेत डावीकडच्या खिडकीशी बसलेल्या मुलीला उठवलं आणि हिला तिथे बसवलं. मग ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, “पुढच्या वळणावर घे रे बाजूला!”

गाडी थांबली. रुंद जागा होती, लेखात लिहिली होती तशीच. थोरली कठड्याला धरून उभी राहिली. कंडक्टरने पाण्याची बाटली दिली.

“या खिडकीचं तुम्हाला कसं माहीत?” तिने विचारलं.

“मला कुठलं? आमच्या गाडीला एक मशीनवाली बाई असते. दर खेपेला वेगळ्या सीटवर बसून बघायची. कुठे जास्त हलतं, कुठे ऊन येतं, वहीत लिहायची. मी म्हटलं, बाई, तुम्हाला लागते की काय गाडी? तर म्हणाली, मला नाही हो, घरी आमच्या वहिनींना लागते. सगळ्या गावांची माहिती आहे त्यांना, पण बघितलं एकही नाही. एकदा त्यांना घेऊन यायचंय.” त्याने बाटलीचं झाकण लावलं. “आली नाही अजून ती वहिनी. चला, बसा.”

थोरली बसली. उरलेल्या रस्त्यात तिला एकदाही उलटी झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. एवढी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती.

स्टँडच्या मागे झाड होतं, झाडाखाली बाक होता, शेजारी नळ होता. नळाला पाणीसुद्धा होतं. तिने तोंड धुतलं आणि चहावाल्याला फोन लावला.

“स्टँड ना? तो तीन वर्षांपूर्वीच वर गेला. तुम्ही विचारलंत ते मला वाटलं आमच्या इथलं, जुन्याचं. या की खाली, पाच मिनिटांवर आहे.”

ती उतरून खाली गेली. जुना स्टँड, गावाच्या नावाची पुसट झालेली पाटी अजून तशीच, आणि मागे कोरडी ठणठणीत भिंत. चहावाला हसतमुख म्हातारा निघाला. नऊ वर्षांच्या ओळखीचा आवाज तिने पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. तो चहा करायला आत गेला तेवढ्यात तिने फोन काढला आणि फोटो घेतला. पाटी आणि भिंत, दोन्ही एका चौकटीत. बाक नाही, नळ नाही. कुणाची शंका घ्यायची टाप नव्हती. हा फोटो दिला की पान तिचं. जन्मभराचं.

चहा पिऊन ती वर आली आणि बाकावर बसली. दहा मिनिटं बसा, असं लिहिलं होतं. ती पाऊण तास बसली. परतीच्या गाडीचा कंडक्टर तोच होता. तिने त्याच्या हातात फोन दिला. “माझा एक फोटो काढता का? बाक आणि नळ दिसू दे. मी कशीही दिसले तरी चालेल.”

ती भयंकरच दिसत होती. केस ओले, पदरावर डाग, तोंड उतरलेलं. तो फोटो तिने संपादकांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बाक आहे. चूक माझ्या वहीची. ते पत्र मीच लिहिलं होतं. कुठलीही म्हातारी पडली नाही. मी या अकरा वर्षांत कुठेही गेलेले नाही. पान तिला द्या.’ भिंतीचा फोटो पुसून टाकला. मग तिसऱ्या रांगेत डावीकडे जाऊन बसली.

घरी येऊन तिने धाकटीलाही सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, पर्ससुद्धा खाली न ठेवता.

“त्या आजींसाठी मला चार दिवस घास गिळवला नाही, वहिनी,” धाकटी एवढंच म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दोन दिवस ती थोरलीशी बोलली नाही. जेवायला यायची, ताट घासून ठेवायची, जायची. पान तिला मिळाल्याचं संपादकांच्या फोनवरून कळलं, तर आनंदही केला नाही. आणि खरं सांगायचं तर, एवढं होऊनही थोरलीच्या मनात जळायचं ते जळतच होतं. धाकटीला आता नुसतं अर्धंच पान मिळणार याचंच जरा बरं वाटलं. माणूस का असा एका दिवसात धुऊन निघतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरली स्वयंपाकघरात आली तर टेबलावर एका ताटलीत पावाचे दोन कोरडे तुकडे झाकून ठेवलेले. खाली चिठ्ठी. ‘रविवारी सकाळी सातची गाडी. नदीकाठचं गाव. तुमच्या वहीतला शाळेचा कारकून तिथलाच. दोन जागा सांगून ठेवल्यात. तुम्ही खिडकीशी बसायचं. मी बोलणार नाही.’

रविवारी दोघी निघाल्या. धाकटी शब्दाला पक्की, पूर्ण घाटभर समोर बघत बसली, तोंडातून अवाक्षर नाही. फक्त एका वळणावर गाडी जरा जोरात वळली, तेव्हा थोरलीने तोंडावर हात धरला, आणि त्याच क्षणी धाकटीने समोर बघता बघताच पिशवीतून एक रिकामी कागदी पिशवी काढली, उघडली आणि तिच्या मांडीवर ठेवली.