अंगी लागेना

डॉक्टरबाईंनी मेलेल्या कोकराच्या पायाचं हाड दोन्ही मुठींत धरून जरासं वाकवलं. वाळक्या काटकीसारखं ते कट्‌कन मोडलं.

सुनेनं डोळे मिटून घेतले. सासरे शेडच्या दाराला टेकून उभे होते.

"बघा! म्हणे रोज भुकटी चारते. चारली असती तर हाडं अशी झाली असती?"

"मामंजी, देवाशपथ चारते. माझ्या हातानं."

"हाताला यश लागतं त्याला."

तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. हाडं बळकट करणारी क्षारांची भुकटी ती दाण्यात कालवायची आणि पोटच्या पोराला भरवावं तशी एकेका कोकराला भरवायची. तरी कोकरं खुरटलेलीच, पुढचे पाय धनुष्यासारखे बाकलेले. एक गेलं, आणखी तीन त्याच वाटेवर. दिलेलं जातं तरी कुठं? विचार करकरून तिचं डोकं बधिर झालं होतं. हल्ली तर तिला स्वतःचाच संशय येई: आपण खरंच चारतो ना?

डॉक्टरबाईंनी आतडं उभं चिरून पाण्यात खळबळलं. भांड्यात केसासारखं बारीक काहीतरी वळवळलं.

"हे बघा बिनबोलावलेले पाहुणे. जंत. यांनी आतडं आतून पार खरवडलंय. मग सोन्याची भुकटी चारा, अंगी लागायची नाही. बाई, तुमच्या हाताचा काही दोष नाही."

सुनेनं वाकून भांड्यात नीट पाहिलं.

"औषध देते, बाकीची सावरतील. पण हे पोटात जातात ते दवानं भिजलेल्या आखूड गवतावरून. पहाटे पहाटे ओढ्याकाठी कोण नेतं यांना?"

सुनेची नजर सासऱ्यांच्या पायांवर गेली. गुडघ्यापर्यंत ओली कुसळं चिकटली होती. पहाटे कडी वाजायची, ती तिला रोज अर्धवट झोपेत ऐकू यायची; म्हातारं माणूस फिरायला जात असेल, असं ती समजायची. सून उपाशी ठेवते, आपण तरी कोवळं चारू, म्हणून हे... तिची नजर पाहून त्यांनी पाय दारामागं ओढून घेतले.

"मी नेते," सून म्हणाली.

बोलली आणि स्वतःच चपापली. आत्ता कुठं सुटका झाली होती. असं काय बोलून बसले, तिचं तिलाच उमगेना.

"ऊन चढून गवत सुकलं की मगच सोडत जा." औषधाची बाटली सुनेच्या हातात देऊन डॉक्टरबाई हात धुवायला बाहेर गेल्या.

सासरे खाकरले. कोकरांजवळ आले.

"ऐकलंस ना? ऊन चढल्याबिगर नाही सोडायची," ते दरडावून म्हणाले, आणि मध्येच त्यांचा आवाज चिरकला. "...पोरी."

असं त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. हे रागावणं होतं की दुसरंच काही, तिला कळेना. ती बाटली धरून तशीच उभी राहिली.

सासरे गुडघे टेकून खाली बसले. सगळ्यांत अशक्त कोकरू त्यांनी मांडीत ओढलं, त्याचा जबडा हलकेच उघडला.

"मी धरतो. तू पाज."