चार एमबीची पट्टी

"रॉकेलनं पुसलंत?" छापखान्याचे मालक दाजीशेठ ओरडले. "अहो कृष्णकांत, कंप्युटर आहे तो, स्टोव्ह नाही!"

कृष्णकांत उघड्या डब्याशी मान खाली घालून उभे होते. तीस वर्षं त्यांनी इथं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले आणि रोज संध्याकाळी रॉकेलनं धुतले. खिळे भंगारात गेले, तेव्हा पन्नाशी उलटलेला हा माणूस की-बोर्डवर एकेक अक्षर शोधत बसला आणि जिद्दीनं शिकला. पनवेलातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यांच्या हातच्या.

आठवड्यापूर्वी दाजीशेठनी विंडोज पंच्याण्णव घेतलं. जुन्या मेमरीवर ते रांगायला लागलं, म्हणून त्यांचे कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या मी मेमरीची आणखी चार एमबीची पट्टी बसवून दिली. तेव्हापासून मशीन सारखं अडकत होतं. "मशीन नाही, तुमचा हात अडतोय," असं म्हणून दाजीशेठनी मशीन सुरळीत करायला आज दुपारपर्यंतची मुदत दिली. त्यांची पुतणी रुचिरा कंप्युटरचा कोर्स करून त्या खुर्चीसाठी तयारच होती.

सकाळी कृष्णकांतांचा घाबराघुबरा फोन आला. मी म्हटलं, "पट्टी काढा, टोकं स्वच्छ पुसून परत बसवा." कशानं, ते सांगायचं मला सुचलं नाही.

आता मी टोकं खोडरबरनं घासून पट्टी बसवली. मशीन पुन्हा अडकलं. पट्टी काढली, तर हळू का होईना, नीट चाललं. पट्टीच मुळात खराब होती. उरणच्या एका बंद ऑफिसातल्या मशीनमधून काढून मीच ती नवी म्हणून विकली होती.

"काय झालं होतं रे?" दाजीशेठनी विचारलं.

"रॉकेलनं गेली," मी म्हणालो. "दुसरी आणतो."

"पण ते आधीपासूनच..." कृष्णकांत माझ्याकडे बघत म्हणाले. खरं सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. मी स्क्रू आवळत राहिलो. माझ्याइतका नीच माणूस त्या खोलीत नव्हता.

"पुरे आता," दाजीशेठ म्हणाले. "थकलात तुम्ही. उद्यापासून रुचिरा बसेल."

रुचिरा दाराशी अवघडून उभी होती. कृष्णकांतांनी टेबलावरची चष्म्याची डबी खिशात टाकली आणि खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली.

"उद्या कशाला, आत्ताच बस," ते म्हणाले. "उकाराचं बटण जरा जोरात दाब हं, बाळ. नाहीतर नवरीच्या नावातला उकार राहून जातो."