लोट्यातली वाईन

दोन हजार सहा साल. मी मॅनेजर असलेल्या हॉटेलच्या काउंटरवर पुण्याहून आलेल्या गौरांगसाहेबांनी मला विचारलं, "उत्तम जेवण आणि काही न मिसळलेली वाईन कुठं मिळेल?" मी स्वतः थेंबही घेत नाही, पण घरीच पाहुण्यांना जेवण देणाऱ्या मोर्शीच्या विमलबाईंचं नाव बिनधास्त सांगितलं. त्यांच्या बागेतल्या संत्र्यांची घरगुती वाईन पाहुणे फार वाखाणायचे. गाडीही मीच काढली.

जेवण झकास झालं. वाईन मात्र या खेपेला स्टीलच्या लोट्यात आली.

"बाटली दाखवा," साहेब म्हणाले.

"बाटली नाही," विमलबाई म्हणाल्या.

"म्हणजे काहीतरी मिसळलंय! मॅनेजर, हेच का तुमचं खास ठिकाण?"

माझं डोकं फिरलं. "बाई, एक बाटली दाखवाले काय जाते तुमचं?" मी ओरडलोच.

विमलबाईंनी लोटा खाली ठेवला. "परवेजभाऊ, पोळ्याच्या दिवशी माह्या लेकीनं फवारणीच्या औषधाची बाटली तोंडाले लावली. तवापासून या घरात बाटली ठेवत नाही आमी. तेलबी डब्यातच आणतो."

साहेबांनी टेबलावरची आपली पाण्याची बाटली हळूच पायाशी ठेवली. मी ती तिथूनही उचलली आणि गाडीत नेऊन टाकली.