मुका शनिवार

फिलोमेना अरुडाचा आवाज अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरात ज्याने ऐकला नाही तो गावात नवा तरी असायचा नाहीतर ठार बहिरा तरी. ती शाळेची पिवळी बस चालवायची आणि मान न वळवता मागच्या बाकावरची मारामारी सोडवायची. मुलाच्या फुटबॉल मॅचला ती घडीची खुर्ची घेऊन जायची, पण त्या खुर्चीवर तिची फक्त पर्स बसायची. ती स्वतः कडेच्या पांढऱ्या रेषेवर उभी.

"डेरेक, मागे माणूस! डेरेक, उजवीकडे मोकळं आहे, दे! डेरेक, रेफरी झोपलाय, तू झोपू नकोस!"

समोरच्या संघाची पोरंसुद्धा नकळत तिचं ऐकायला लागतात, असं कोच व्हिटकर म्हणायचा, आणि तो काही विनोदी माणूस नव्हता.

डेरेक तिचा एकुलता एक. वय सोळा, उंची बापाच्या वर गेलेली, स्वभाव मात्र दोघांच्याही वळणावर न गेलेला, म्हणजे शांत. डाव्या कडेने चेंडू घेऊन निघाला की बचाव करणाऱ्या पोरांच्या आयांना त्यांची दया यायची. आता ह्या पोराला थेट पोर्तुगालहून मागणी आली होती. उत्तरेकडच्या एका क्लबाचा म्हातारा माणूस, सेन्योर अबिलिओ, पंधरा दिवस गावात येऊन राहिला होता, आणि उपवर मुलीच्या घरी खेटे घालावेत तसा मैदानावर खेटे घालत होता.

अमेरिकेतल्या पोराला अठराच्या आत परदेशी क्लबात जाता येत नाही, असा नियम आहे. पण डेरेकची आजी अझोर्स बेटांवरून आलेली, तिच्या पुण्याईने त्याच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट होता, म्हणून त्याच्यासाठी दार दोन वर्षं आधीच उघडलं होतं. उघडं दार फार वाईट. बंद असतं तेव्हा माणूस निवांत झोपतो.

गावात ज्याला त्याला मत होतं. बेकरीत मालासादा, तो तळलेला गोड पोर्तुगीज पाव, घ्यायला गेलं तरी सल्ला फुकट मिळायचा. ज्यांना ऑफसाइड कशाशी खातात ठाऊक नव्हतं, ते डेरेकने कधी जावं हे छातीठोक सांगत होते.

"अठरापर्यंत थांबू दे त्याला, मिसेस अरुडा," कोच व्हिटकर म्हणाला होता. "इथेच मोठ्या माणसांत खेळून थोडा मार खाऊ दे. इतक्या लवकर गेलेली कितीतरी पोरं तिकडे राखीव म्हणून नुसती बाकावर बसतात. परत येतात तेव्हा पाय तेच असतात, पण पोरगं ते नसतं."

"आमच्याकडे पोरं बाराव्या वर्षी घर सोडतात, दोना फिलोमेना," अबिलिओ म्हणाला होता. "सोळा म्हणजे उशीरच झालाय. अठराव्या वर्षी आलं की त्याला सगळं शिकवावं लागतं, आणि आधी शिकलेलं विसरायलाही लावावं लागतं."

डेरेकचा बाप आर्मांडो शिंपल्या काढणाऱ्या बोटीवर होता. निम्मं आयुष्य त्याचं पाण्यावर. बोटीवरच्या फोनवरून खरखरत तो म्हणाला, "मेना, तू ठरव. तू त्याला बघतेस, मी समुद्र बघतो. मी सोळाव्या वर्षी बोटीवर चढलो तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मला ह्यातलं काही कळत नाही."

म्हणजे सगळं घोंगडं फिलोमेनाच्या गळ्यात. अबिलिओ रविवारी परत निघणार होता, आणि त्याआधी त्याला हो किंवा नाही हवं होतं.

फिलोमेनाचं उत्तर तयार होतं: नाही, आत्ता नाही, दोन वर्षांनी बघू. कारणंही तयार होती. पोराला अंडं नीट तळता येत नाही. मोजे जिथे काढले तिथेच उगवतात. पाण्याची बाटली दर आठवड्याला हरवतो. ही कारणं ती सगळ्यांना मोजून दाखवायची. त्यामागचं एक कारण मात्र ती स्वतःलाही सांगत नव्हती, की संध्याकाळी बस उभी करून घरी आल्यावर जिन्याखालून "डेरेक!" म्हणून हाक मारायची आणि वरून "काय गं!" असं यायचं, ते थांबलं तर आपलं काय होईल ह्याचा तिला अंदाज नव्हता.

शनिवारी सकाळी लिंग्विसा, म्हणजे मसालेदार पोर्तुगीज सॉसेज, आणि अंडी पानात वाढताना विषय निघालाच.

"तू त्यांना नाहीच सांगणार आहेस ना?" डेरेकने विचारलं.

"खा आधी."

"आई, तुला मी जायलाच नकोय. आज नकोय आणि अठराव्या वर्षीही नको असणार."

फिलोमेनाने तवा धुवायला घेतला आणि बराच वेळ धूत राहिली.

मैदानाच्या फाटकापाशी मॅचेस भरवणाऱ्या लीगची बाई टोपली घेऊन उभी होती. डेरेक धावत केव्हाच पलीकडे, खेळाडूंच्या बाजूला गेला होता. बाईने फिलोमेनाच्या हातात एक लाल लॉलीपॉप ठेवला.

"हे काय? मी काय सुई टोचून घ्यायला आलेलं पोर आहे?"

"मुका शनिवार आहे आज, मेना. सगळ्या पालकांना कळवलं होतं. यंदा पहिल्यांदाच करतोय. टाळ्या वाजवा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. काढलात तर तुमच्या संघाच्या कोचला ताकीद."

"आणि हा?"

"हा तोंडात ठेवायचा. मोह होऊ नये म्हणून."

आजूबाजूचे बाप हसले. एक जण म्हणाला, "ट्रकभर आणलेत का? एकाने हिचं काय होणार?"

फिलोमेनाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने स्वतःचा लॉलीपॉप घाईने तोंडात घातला. मग ती आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसली. शेजारी अबिलिओ. त्यालाही एक पिवळा मिळाला होता आणि तो त्याच्याकडे संशयाने बघत होता.

"आमच्याकडे असं केलं तर आया मैदान पेटवतील," तो पुटपुटला, आणि लीगच्या बाईने ओठांवर बोट ठेवलं.

मॅच सुरू झाली. मैदान इतकं शांत की चेंडूला बसलेली लाथ ऐकू येत होती आणि बंदराकडून आलेले समुद्रपक्षी भांडत होते तेही. पूर्वार्धात डेरेकची डावी कडा पलीकडे होती, संघाच्या बाकांच्या बाजूला. मध्ये सगळं मैदान.

आणि डेरेक काही खेळेना. चेंडू पायाशी आला की तो मान वर करून अलीकडे बघायचा, पालकांच्या रांगेकडे. तेवढ्यात कुणीतरी चेंडू काढून न्यायचं. एकदा झालं, दोनदा झालं, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. एकदा तर मागून माणूस आला, ह्याला पत्ताच नाही, आणि त्याच चेंडूवर समोरच्यांनी गोल केला. फिलोमेनाच्या जिभेवर शब्द येऊन उभे होते. तिने ते लॉलीपॉपसकट दाबून धरले. गाल फुगले, डोळे बाहेर यायची वेळ आली.

माझ्या आवाजाशिवाय ह्याला खेळता येत नाही, तिच्या लक्षात आलं. दहा वर्षं हा माझ्या तोंडाने खेळतोय. आई इथे आणि हा समुद्रापलीकडे, कसा खेळणार? प्रश्न मिटला. हा तयार नाही.

तिला बरं वाटलं. पोर भर मैदानात कोलमडत होतं आणि आईच्या जिवाला गारवा वाटत होता. मग त्या बरं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की तिने अबिलिओकडे बघायचं टाळलं. म्हाताऱ्याने लॉलीपॉप काढून कागदात गुंडाळून ठेवला होता आणि कपाळाला आठ्या घातल्या होत्या. हा आता स्वतःच मागणी मागे घेणार, हे उघड दिसत होतं.

उत्तरार्धात संघांनी बाजू बदलल्या आणि डेरेकची डावी कडा पालकांच्या पुढ्यात आली. चेंडू बाहेर गेला, आत फेकायला तो धावत आला, तो नेमका फिलोमेनाच्या खुर्चीसमोर. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. फुगलेले गाल, तोंडातून बाहेर आलेली काडी, लालभडक ओठ. क्षणभर तो बघतच राहिला आणि मग खदखदून हसला.

हसतोय मेला, फिलोमेना मनात म्हणाली.

त्यानंतर त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. चेंडू यायच्या आधीच खांद्यावरून मागे बघून घ्यायचा, वळायचा आणि निघायचा. कडेने गेला, आतून गेला, एका दांडग्या पोराला तर त्याने असं चुकवलं की ते पोर मागे वळून स्वतःलाच शोधत होतं. दोन गोल त्याच्या पासवर झाले. शेवटी शेवटी तो स्वतःच ओरडायला लागला, "मागे माणूस! उजवीकडे दे, उजवीकडे!" सगळ्या मैदानावर तेवढा एकच आवाज. शेजारच्या आईने फिलोमेनाला कोपराने ढोसलं.

मॅच संपल्यावर अबिलिओने फक्त टोपी काढून तिला वाकून नमस्कार केला. "मी धाकट्यांची मॅच बघत थांबतो," एवढंच म्हणाला.

मॅच झाल्यावर गाडीत पोराशी मॅचबद्दल बोलायचं नाही, असं कोचने सगळ्या पालकांना बजावलं होतं. फिलोमेनाने तो नियम आजवर कधी पाळला नव्हता आणि आज नियम पाळण्याचा कोटा तिने सकाळीच संपवला होता. पुलाच्या अलीकडे तिने विचारलं,

"पहिल्या अर्ध्यात झालं काय होतं तुला? सारखा माझ्याकडे बघत होतास. मी काही सांगेन म्हणून?"

"नाही."

"मग?"

डेरेकने बुटांची नाडी सोडायला घेतली. "तुझा आवाज येत नव्हता."

"मुका शनिवार होता, बाळा. कुणालाच बोलायचं नव्हतं."

"मला कुठे माहीत? आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"पण बाकीचेही सगळे गप्प होते की."

"बाकीचे ओरडतात हेच मला ठाऊक नव्हतं. तुझ्यापुढे कुणाचं ऐकू येतं?" तो हसायला गेला, पण हसू पुरतं आलं नाही. "सकाळी मी तसं बोललो. तू काहीच बोलली नाहीस. नुसता तवा घासत होतीस. मग इथेही आवाज नाही. मला वाटलं तू रडत घरी निघून गेलीस, किंवा तुला काहीतरी झालं. पलीकडून तोंड दिसत नव्हतं. मग ती काडी दिसली आणि जीव भांड्यात पडला."

फिलोमेनाने गाडी कडेला घेतली. पुढे रस्ता धूसर दिसत होता.

"म्हणजे मी ओरडते ते तू ऐकत नाहीस?"

"ऐकतो ना. काय म्हणतेस ते नाही ऐकत. आहेस एवढं ऐकतो." आणि मग तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मला जायचंय, आई. खूप जायचंय. पण बाबा सदा पाण्यावर. मी गेलो की तू घरात एकटी कुणावर ओरडशील?"

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोचने नाही, म्हाताऱ्याने नाही, बेकरीतल्या शहाण्यांनी नाही. सगळे पोराचं वय मोजत बसले होते, आणि पोर आईची काळजी वाहत होतं. इतका वेळ हा तयार आहे का म्हणून ती त्याला तपासत होती, आणि तो मुकाट्याने तिला तपासत होता. आपल्यापायी हा आज थांबला तर अठराव्या वर्षी थांबेल, विसाव्या वर्षीही थांबेल, आणि कधीतरी ह्याच गाडीत बसून आपल्याला माफ करेल. ते माफ करणं तिला नको होतं.

"बसभर पोरं आहेत माझ्याकडे ओरडायला," ती म्हणाली. "शिवाय तुझा बाप आहे, तो काय सुटतोय? मी रडेन. आधीच सांगून ठेवते, पुष्कळ रडेन. पण रडून माणूस मरत नाही, डेरेक. तू जा."

"खरंच?"

"भीती वाटते?"

"हो."

"मलाही. पण अंडं तळायला तुला आजपासून शिकवणार."

सोळा वर्षांचं, दरवाज्याएवढं पोर तिच्या खांद्यात तोंड घालून हमसाहमशी रडलं. तिने त्याला गप्प केलं नाही. त्याच्या केसांना घामाचा आणि गवताचा वास येत होता, तो तिने पोटभर घेतला. मग गाडी वळवली.

अबिलिओ अजून तिथेच होता, धाकट्या पोरांचा गोंधळ मन लावून बघत. डेरेक त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि अडखळत्या पोर्तुगीजमध्ये स्वतःच म्हणाला, "मी येतो. बाबांची बोट परत आली, त्यांना भेटलो, की लगेच येतो." म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याला कोचचाही निरोप घ्यायला पिटाळलं.

मग त्याने फिलोमेनाकडे वळून विचारलं, "बोला, दोना फिलोमेना. खोली, जेवण, शाळा, काय काय सांगायचंय? सगळ्या आया सांगतात. मी ऐकून घेतो."

तिच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. मैदानाच्या पलीकडे डेरेक कोचशी बोलत होता, आणि कोच त्याच्या पाठीवर थोपटत होता.

"खेळताना तो मधूनच बाहेर बघेल," ती म्हणाली. "सुरुवातीचे काही दिवस तरी बघेल. तेव्हा तिथे कुणीतरी ओळखीचं बसलेलं असू दे. बोललं नाही तरी चालेल."

अबिलिओने टोपी छातीशी धरली. "मी बसेन," तो म्हणाला.